उशिरा घेतलेला शुश्रूषेचा वसा

वारकरी बंधुभगिनींनो, आमच्या रत्नागिरीकडच्या घरांतून एक प्रश्न वारंवार कानी येतो. मुले हाताशी आली, धनी मुंबईला किंवा शेतीभातीत गुंतलेला, डोक्यावरचा भार थोडा हलका झालेला. अशा वेळी पस्तिशी-चाळिशीची एखादी बाई म्हणते, "मी आता नर्सिंग शिकते." मग घरचे आणि शेजारचे बोलू लागतात. "अगो, ह्या वयात? आता चार घटका हरिनाम घ्यावे!" दुसरा म्हणतो, "लोकांचे मलमूत्र काढायचे, ते आपल्या घराला शोभते काय?" तिसरा जरा शहाणा असतो. तो म्हणतो, "पगार घेणार ना? मग ती चाकरी. तिला सेवा कशाला म्हणता?"

हे तिन्ही आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. बोलणारी माणसे दुष्ट नसतात, पुष्कळदा ती त्या बाईच्या काळजीनेच बोलतात. तेव्हा या आक्षेपांचा आपण नीट विचार करू.

पहिला आक्षेप वयाचा. सेवेला वय असते काय? आपल्या संप्रदायाचा उगमच पाहा. भक्त पुंडलिक म्हटला की डोळ्यांपुढे आईबापांचे पाय चुरणारा पुत्र येतो. पण कथा सांगते की तो जन्मापासून तसा नव्हता. आरंभी त्याने आईबापांची हेळसांडच केली. पुढे कुक्कुट ऋषींच्या आश्रमात त्याचे डोळे उघडले आणि मग तो सेवेला लागला. ज्याच्यासाठी देव विटेवर उभा राहिला, तो सेवेला उशिरा लागलेला माणूस होता! देवाने त्याला "इतकी वर्षे कुठे होतास?" असे विचारल्याचे कोणीही कीर्तनकार सांगत नाहीत. उलट देव थांबला. तेव्हा उशीर झाला म्हणून सेवेचे दार बंद होते, ही समजूत निदान पंढरीच्या वाटेवर तरी टिकत नाही.

कोणी म्हणेल, ही पुराणातली गोष्ट झाली. बरे, जवळचे पाहू. सावित्रीबाई फुले यांचा जन्म १८३१ चा. १८९७ साली पुण्यात प्लेग आला, तेव्हा त्या सहासष्ट वर्षांच्या होत्या. पुत्र यशवंत डॉक्टर होते. त्यांनी हडपसरजवळ रोग्यांसाठी दवाखाना उघडला आणि सावित्रीबाई तेथे रोगी पोचवू लागल्या. प्लेगने ग्रासलेले एक पोर पाठीवर घेऊन त्या निघाल्या, त्यांनाच तो रोग जडला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांनी देह ठेवला. शाळा काढून जन्म सार्थकी लागला होता. घरी बसल्या असत्या तरी कोणी नाव ठेवले नसते. तरी त्या उठल्या.

आणखी जवळचे हवे असेल तर आपल्या जिल्ह्यातले देवरुख घ्या. पार्वतीबाई आठवले या देवरुखच्या माहेरवाशीण. वैधव्य आल्यावर त्या अक्षरे गिरवू लागल्या, हिंगण्याच्या आश्रमासाठी गावोगाव फिरल्या आणि १९१८ साली, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, इंग्रजी शिकायला अमेरिकेस गेल्या. तेथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या. त्याच देवरुखात पुढे इंदिराबाई हळबे आल्या. सारे कोकण त्यांना मावशीच म्हणे. त्यांनाही वैधव्य आले, स्वतःचा संसार उरला नाही. १९५४ साली त्यांनी गुरांच्या गोठ्याच्या जागेत दोन खाटांचे प्रसूतिगृह सुरू केले. तेच पुढे मातृमंदिर झाले आणि निराधार मुलींसाठी 'गोकुळ' उभे राहिले. ते दिवस असे की अडलेल्या बाईला डोलीत घालून घाट उतरावा लागे. त्या काळी दोन खाटा म्हणजे काय होते, हे वाडीवरच्या म्हाताऱ्या बायकांना विचारावे.

दुसरा आक्षेप शोभण्याचा. १९०९ साली रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी पुण्यात सेवासदन काढले. त्या संस्थेने विधवा आणि गरजू स्त्रियांना ससून रुग्णालयात शुश्रूषेचे शिक्षण घेण्यास पाठविले, तेव्हा पांढरपेशा समाजाला ते रुचले नाही. परजातीच्या, परपुरुषाच्या देहाला हात लावायचा, त्याची घाण काढायची, हे कुलीन बाईचे काम नव्हे, असे लोक म्हणत. विलायतेतही तेच होते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल चोविशी-पंचविशीत असताना त्यांनी रुग्णालयात काम शिकण्याची इच्छा बोलून दाखवली, तेव्हा श्रीमंत घरच्यांनी ती मोडून काढली. १८५१ साली, एकतिसाव्या वर्षी, त्यांना जर्मनीतील कायझर्सवेर्थ येथे शिकायला मिळाले. पुढे १८५४ साली युद्धातल्या जखमी शिपायांकडे त्या गेल्या आणि १८६० साली लंडनला त्यांनी परिचारिकांची शाळा काढली. म्हणजे लाज ही काही एका देशाची मक्तेदारी नव्हे.

पण वारकऱ्याने तरी शिवाशिवीचा हा आक्षेप तोंडातून काढू नये. काशीहून रामेश्वराला नेत असलेले गंगोदक तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखात घालणारे एकनाथ महाराज आपले. वाळवंटात तापल्या वाळूवर रडणारे अंत्यजाचे पोर कडेवर घेऊन त्याच्या आईकडे पोचवणारेही तेच. ती गोष्ट ऐकून आपण डोळे पुसतो. मग रुग्णालयातून दमून घरी आलेल्या सुनेला "आधी आंघोळ कर, मग स्वयंपाकघरात ये" हे आपण कोणत्या स्वरात म्हणतो? ती स्वच्छतेसाठी हातपाय धुवील, आंघोळही करील, तिला तिच्या शिक्षणात तेच शिकवलेले असते. पण आपल्या स्वरात किळस असेल, तर ती किळस कोणाविषयीची आहे, हे आपणच आपल्या मनाला विचारावे.

तिसरा आक्षेप पगाराचा, आणि तोच खरा विचार करायला लावणारा आहे. पुंडलिकाने आईबापांकडून वेतन घेतले नाही हे खरे. पण आपली संतमंडळी पाहा. गोरोबा मडकी विकीत, सावतोबा मळ्यातला भाजीपाला पिकवून पोट भरीत, सेना महाराज लोकांची हजामत करीत. त्यातले कोणी फुकट काम करीत नव्हते आणि कोणाची भक्ती त्यामुळे उणी झाली नाही. सेना महाराज पूजेत रंगले तेव्हा देव स्वतः धोकटी घेऊन राजाच्या चाकरीला गेला, अशी कथा आहे. देवाला जे काम करायला कमीपणा वाटला नाही, ते वेतनाचे होते म्हणून हलके ठरेल काय?

तेव्हा मोल घेतल्याने सेवा बाटत नाही. मात्र मोलाइतकेच मोजून दिल्याने ती आटते. औषधाची वेळ झाली म्हणून गोळी देणे हा पगार झाला. म्हाताऱ्याच्या तोंडाला कोरड पडली आहे, त्याला गिळता येत नाही, हे पाहून आधी त्याला नीट बसता करणे, हे पगारात लिहिलेले असले तरी पगाराने येत नाही. आणि उलटही सांगितले पाहिजे: जी बाई लेकरांच्या फीसाठी, घराच्या हप्त्यासाठी हे काम धरते, तिला "तू त्याग कर, कमी घे" असे सांगणे हा अधर्म आहे. दुसऱ्याच्या पोटावर आपले पुण्य उभारू नये.

येथपर्यंत आम्ही त्या बाईच्या बाजूने बोललो. आता दोन कठीण गोष्टी तिलाही सांगितल्या पाहिजेत.

पहिली ही की केवळ माया असून भागत नाही. गोरोबाकाका भजनात इतके तल्लीन झाले की पायाखाली पोर आले ते कळले नाही. पुढे पंढरीनाथाने ते पोर परत दिले. ही कथा ऐकताना आपण गहिवरतो, आणि गहिवरावेच. पण वॉर्डात उभ्या राहिलेल्या बाईला ती सवलत नाही. तेथे लक्ष हेच भजन. रोगी कोणता, औषध कोणते, किती, कोणत्या वाटेने द्यायचे आणि केव्हा, या पाच गोष्टी दर वेळी तपासाव्या लागतात. त्यातली एक चुकली तर जीव जातो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला, माकडहाडाला जखमा होतात. एका रोग्याला हात लावून दुसऱ्याकडे जाताना हात धुवावे लागतात. जे केले ते लिहून ठेवावे लागते. हे शिकावे लागते, पाठ करावे लागते, परीक्षा द्यावी लागते. "मी दहा वर्षे सासूबाईंचे केले, मला सगळे येते," असे म्हणून चालणार नाही. ती दहा वर्षे मोलाचीच. त्यांनी हाताला धीर आला, मनातली किळस गेली. पण विद्या ही वेगळी वस्तू आहे.

शिवाय तिची एक व्यावहारिक बाजूही आहे. जी.एन.एम. हा अभ्यासक्रम तीन वर्षांचा आणि ए.एन.एम. दोन वर्षांचा. बारावी व्हावी लागते आणि या प्रवेशांना पस्तिशीची मर्यादा धरली जाते. तेव्हा मन झाले असेल तर पंचांग पाहत बसू नये. सरकारी रुग्णालयाच्या शाळेत जाऊन चालू नियम विचारावा. पस्तिशी उलटली असेल तर रुग्णसहाय्यकाचे छोटे शिक्षण आहे, घरी जाऊन आजाऱ्याची काळजी घेण्याचे काम आहे. ते खालचे नव्हे. आमच्या कोकणात चौसोपी घरात एकटी आजी आणि मुंबईहून येणारा फोन, एवढेच उरलेली घरे थोडी नाहीत. त्या आजीला उठवून, न्हाऊ घालून, पेज भरवणारे शिकलेले हात वाडीत मिळत नाहीत. पण जे शिक्षण घेतले तेवढेच करावे. रुग्णसहाय्यकाने नर्स म्हणून इंजेक्शने देत फिरू नये. आपली मर्यादा ओळखणे हाही सेवेचाच भाग आहे.

दुसरी कठीण गोष्ट मानापमानाची. चाळीस वर्षांची बाई वर्गात बसते आणि शिकवणारी सिस्टर तिच्या मुलीच्या वयाची. चारचौघांत ती बोलते, "मावशी, ग्लोव्ह्ज असे घालतात होय?" घरी जिच्या शब्दावाचून पान हलत नाही, तिला हे झोंबते. पुष्कळ जणी रात्रपाळीने नाही, या झोंबण्याने शिक्षण सोडतात. पण वारकऱ्याला याचे औषध ठाऊक आहे. वारीत काय चालते? सत्तर वर्षांचा म्हातारा विशीतल्या पोराच्या पाया पडतो आणि ते पोर त्याच्या पाया पडते. आधी कोण, नंतर कोण, हे कोणी विचारीत नाही. वीस दिवस चालत आपण हे गिरवतो, ते कशासाठी? पंढरीहून परत आल्यावर खुंटीला टांगून ठेवण्यासाठी खास नव्हे.

आता घरच्या मंडळींना एक शब्द. "तिने परक्यांचे करायचे, मग घरच्या म्हातारीचे कोणी?" हा प्रश्न रास्त आहे. घरचे आजारी माणूस उघडे टाकून बाहेर सेवा करावी, असे आम्ही म्हणणार नाही. पण मंडळी, पुंडलिक कोण होता? तो सून नव्हता, मुलगी नव्हता. तो मुलगा होता. आईबापांचे पाय त्याने स्वतः चुरले, बायकोला सांगून तो देवदर्शनाला गेला नाही. आपण त्याचा जयजयकार करतो आणि घरात शुश्रूषा म्हटली की बायकांकडे बोट दाखवतो, हे कसे? ती शिकायला गेली तर तिच्या सासऱ्याची कूस तिच्या नवऱ्याने बदलावी. त्यात त्याचे काही जाणार नाही, त्याच्या घरी पंढरी येईल. रुग्णालयांत आता पुरुष परिचारकही असतात. त्यांना पाहून हसणाऱ्याने आधी पुंडलिकाच्या समाधीपुढे हसून पाहावे.

राहता राहिली वारी. आषाढीला रजा मिळाली नाही, एकादशीला रात्रपाळी आली, तर काय? २०२० साली महामारीमुळे पायी वारी झाली नाही. संतांच्या पादुका मोजक्या माणसांसह एस.टी.ने पंढरीस गेल्या. त्या दिवसांत पुष्कळ आजाऱ्यांजवळ पोटचा मुलगा जाऊ शकत नव्हता. जवळ उभी होती ती परिचारिका. आम्ही घरी बसून टाळ वाजवले, ते चुकले असे नव्हे. पण विटेवर उभे राहणे म्हणजे काय, ते त्या वर्षी त्या उभ्या राहिलेल्या बायांनी आम्हाला दाखवले.

म्हणून आमचे म्हणणे इतकेच. हरिनाम आणि शुश्रूषा यांतून एक निवडावे लागते, हा मुळातच भ्रम आहे. जिला शिकण्याची उभारी आहे, अंगात बळ आहे, तिने वयाला भिऊ नये. जिला झेपणार नाही, तिने खंत करू नये. शेजारच्या आजाऱ्याला पेजेची वाटी देणे तिच्या हातात आहेच. आणि आपण बाकीच्यांनी, वसा घेणारीच्या वाटेत निदान काटे टाकू नयेत. तिच्या घरी एक दिवस स्वयंपाक करून द्यावा, तिच्या परीक्षेच्या दिवसांत तिची मुले सांभाळावीत. देव पुंडलिकासाठी युगे थांबला. आपल्याला दोन-तीन वर्षे थांबायला काय हरकत आहे?

रामकृष्णहरि.