जुन्या होडीचा रास्त भाव

मे महिन्याचा शेवटचा आठवडा आला की आपल्या बंदरावर जुन्या होड्यांचे भाव उतरतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी. होडी वर ओढायची, झाकायची आणि दोन महिने तिच्याकडे बघत बसायचे. ज्याला पैशांची निकड असते तो या दिवसांत होडी विकतो आणि ज्याच्या गाठीला चार पैसे असतात तो ती घेतो. तीच होडी नारळी पौर्णिमेच्या सुमारास विकायला काढली तर भाव निराळा. फायबर तेच, मशीन तेच, मालकही तोच. मग मधल्या दिवसांत बदलले काय?

हा प्रश्न २०२५ च्या मे महिन्यात माझ्यासमोर आला. गुडघ्यांनी साथ सोडली, म्हणून मी माझी लहान फायबरची होडी मशीनसकट विकायला काढली. घ्यायला आला तो आमच्याच गल्लीतला मुलगा. लोअर परळला एका ऑफिसात कामाला होता, ते काम सुटले. आजोबांचा धंदा पुन्हा धरावा असे त्याच्या मनात होते. आईचे दागिने गहाण ठेवून त्याने पैसे उभे केले होते. मी घासाघिशीच्या तयारीने बसलो होतो. तो म्हणाला, "काका, मला यातले काही कळत नाही. तुम्हीच सांगा काय द्यायचे ते."

बंधुभगिनींनो, भाव पाडून मागणाऱ्या गिऱ्हाइकाला तोंड देणे सोपे असते. नीतिसूत्रांच्या पुस्तकात असे गिऱ्हाईक आहेच. समोर असतो तोवर माल वाईट म्हणतो आणि घेऊन गेला की आपल्या हुशारीची बढाई मारतो. पण भाव तुम्हीच ठरवा म्हणणाऱ्याने मात्र मला दोन रात्री झोपू दिले नाही.

आधी साधा हिशेब मांडून पाहिला. त्याची रीत मला लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात सापडली. तेथे जमीन विकण्याचा नियम दिला आहे. योबेल वर्ष आले की जमीन मूळ मालकाकडे परत जाणार, म्हणून योबेलपर्यंत वर्षे जास्त उरली असतील तर किंमत जास्त आणि कमी उरली असतील तर कमी. कारण विकली जाते ती जमीन नव्हे. विकली जातात ती उरलेली पिके. होडीचे तसेच आहे. फायबर आणि लोखंड घेऊन कोणी काय करणार? घेणारा विकत घेतो ते तिच्यात उरलेले हंगाम.

माझ्या होडीचा सांगाडा २००८ सालचा. नीट निगा राखली तर पंचवीस वर्षे जाईल असे धरले. म्हणजे उरली आठ. असा नवा सांगाडा दोन लाखांना पडेल असे धरले, तर आठ वर्षांचे चौसष्ट हजार होतात. मशीन मी २०१७ साली नवे बसवले. खाऱ्या पाण्यात त्याला बारा वर्षे दिली तर उरली चार. नवे मशीनही दोन लाखांचे धरले, तर त्यांचे सहासष्ट हजार. एकूण एक लाख तीस हजार. कोणी म्हणेल, सांगाड्याला पंचवीस का, वीस का नाही? बरोबर आहे. संत थॉमस अक्वायनस यांनीही तेराव्या शतकात हेच लिहून ठेवले आहे. रास्त भाव म्हणजे सुईच्या टोकावर बसवलेला आकडा नव्हे, तो एक अंदाज असतो. थोडे इकडे तिकडे झाल्याने न्याय बिघडत नाही. हे वाचून मला बराच धीर आला.

पण उरलेले हंगाम मोजताना केवळ होडीचे वय पाहून भागत नाही. समुद्रही पाहावा लागतो. २००९ साली वांद्रे-वरळी सागरी सेतू खुला झाला. मग २०१८ साली कोस्टल रोडचे काम सुरू झाले. पुलाच्या खांबांमधून होड्या जाणार कशा, यावर आपल्या लोकांनी किती भांडण केले ते सर्वांना ठाऊक आहे. आराखड्यात खांबांमध्ये साठ मीटर अंतर होते, आपली मागणी दोनशेची होती आणि शेवटी एकशे वीस मीटरवर मिटले. होडी कितीही मजबूत असो, तिला बाहेर पडायला वाट नसेल तर तिची किंमत भंगाराची. मुलगा समोर बसला तेव्हा मला हेही वाटले की, कोठे मासळी मिळत होती आणि आता कोठे मिळत नाही, हे त्याला सांगणे विक्रीतच येते. जागा दाखवायला मी त्याला समुद्रावर घेऊन गेलो. पुरता अर्धा दिवस गेला.

कागदपत्रांचे एका वाक्यात सांगतो. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला करणारे 'कुबेर' ही पळवलेली मासेमारी नौका घेऊन आले, तेव्हापासून नोंदणी आणि परवाना खरेदीदाराच्या नावावर न करता नुसत्या स्टॅम्पपेपरवर होडी देणे म्हणजे आपल्याबरोबर दुसऱ्याच्याही गळ्यात दगड बांधणे आहे. स्वस्त मिळते म्हणून कोणी तसे करू नये.

आता खोट. माझ्या मशीनच्या गिअरचे तेल काढले की ते दुधासारखे पांढरट दिसू लागले होते. ज्यांना मशीन कळते त्यांना याचा अर्थ सांगायला नको. कोठेतरी सील गेले आहे आणि आत पाणी शिरते आहे. मशीन सुरू केले तर काही कळत नाही, आवाजही नेहमीसारखाच येतो. नवे तेल भरून दाखवले असते तर त्या मुलालाच काय, जाणत्यालाही फसवता आले असते. मित्र म्हणाले, "जुनी वस्तू आहे, घेणाऱ्याने बघून घ्यावी. तुला कोणी विचारले का?"

कोणी विचारले नव्हते, हे खरे. संत थॉमस यांनी याचाही विचार केला आहे. त्यांचे उदाहरण घोड्याचे आहे. घोडा एका डोळ्याने आंधळा असेल तर ते समोर दिसते. विकणाऱ्याने भाव तेवढा उतरवला असेल तर तोंडाने सांगितलेच पाहिजे असे नाही. पण जी खोट दिसत नाही आणि जिच्यामुळे घेणाऱ्याचे नुकसान होईल किंवा त्याच्यावर संकट येईल, ती सांगितलीच पाहिजे. त्याने विचारो वा न विचारो. किल्ल्याच्या खडकांपाशी, वारा अंगावर येत असताना गिअर बसला तर काय होईल, हे मला माहीत होते, त्याला नव्हते. मी तेल काढून त्याच्या तळहातावर घेतले आणि दाखवले. दुरुस्तीला पंधरा हजार लागतील असे मेकॅनिकने सांगितले. भाव एक लाख पंधरा हजारांवर आला.

येथे माझ्या घरच्यांनी हात कपाळाला लावला. ऑगस्टमध्ये याच होडीचे एक साठ आले असते. आणि एक जण तर म्हणाला, "थांबायचीही गरज नाही. पोराला १ ऑगस्टला समुद्रात उतरायचे आहे. अडलेला आहे. एक सत्तर सांग, देईल."

अडलेला आहे. आपल्या भाषेत अडलेल्यासाठी म्हणी काय कमी आहेत? अडला हरी गाढवाचे पाय धरी. गरजवंताला अक्कल नसते. गंमत अशी की या म्हणी अडलेल्याला हसतात, अडवणाऱ्याला कोणी हसत नाही. संत ऑगस्टीन यांनी एका नटाची गोष्ट सांगितली आहे. त्याने जाहीर केले की तुमच्या सर्वांच्या मनात काय आहे ते मी ओळखतो. नाट्यगृह भरून गेले. तो म्हणाला, तुम्हा सर्वांना स्वस्त घ्यायचे आहे आणि महाग विकायचे आहे. लोक खूश झाले. पण ऑगस्टीन पुढे लिहितात की मी एक असा माणूस पाहिला आहे, ज्याच्याकडे विकणारा पुस्तक घेऊन आला, विकणाऱ्याला त्याची किंमत कळत नव्हती, तरी या माणसाने आपण होऊन खरी किंमत दिली. म्हणजे सर्वांच्या मनात ते एकच असते, हे खरे नाही.

अडलेल्याविषयी संत थॉमस यांचा विचार मला सर्वात उपयोगी पडला. ते म्हणतात, वस्तू दिल्याने विकणाऱ्याचे खास नुकसान होत असेल, तर तो नेहमीच्या भावापेक्षा जास्त घेऊ शकतो, कारण ते नुकसान त्याचे आहे. पण घेणाऱ्याला तिची फार गरज आहे एवढ्याच कारणाने विकणाऱ्याने भाव वाढवू नये. ती गरज घेणाऱ्याची आहे. जे आपले नाही ते आपण विकत कसे आणि कोणाला? मी होडी विकू शकतो, मशीन विकू शकतो. त्या मुलाची सुटलेली नोकरी आणि त्याच्या आईचे गहाण पडलेले दागिने मी त्यालाच कसे विकणार? सौदा एक लाख पंधरा हजारांना झाला.

एवढ्यावर हा लेख संपला असता तर मला बरे वाटले असते. पण जे विकणाऱ्याला लागू आहे ते घेणाऱ्यालाही लागू असणार, आणि ही होडी मी कशी घेतली होती ते मला आठवले.

जून २०१२ चे पहिले दिवस. होडी तेव्हा चार वर्षांची. आमच्याच वाड्यातल्या एका नाखवांची ती होडी. त्यांच्या पत्नीचे ऑपरेशन ठरले होते आणि हॉस्पिटलने पैसे आधी मागितले होते. ते म्हणाले, दीड लाख. मी म्हणालो, नव्वद. पंच्याण्णव हजारांना ठरले. पैसे रोख मोजून दिले, हात मिळवले, आणि त्या रात्री मी घरी खुशीत सांगितले की आज सौदा छान झाला. नीतिसूत्रांतला तो बढाईखोर मीच.

तेरा वर्षे मी स्वतःला सांगत आलो की ते राजी होते. पण राजी असणे पुरते का? पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली 'रेरुम नोवारुम' या पत्रात मजुरीविषयी लिहिताना याचे उत्तर दिले आहे. नाइलाजाने किंवा याहून वाईट होईल या भीतीने मजुराने कमी मजुरी मान्य केली, तर करार झाला तरी तो मजूर बळजबरीचाच बळी असतो. मजुरीला जे लागू ते होडीला का नाही? कायदा माझ्या दारात येणार नव्हता. संत थॉमस यांच्या काळीही कायदा निम्म्याहून जास्त फसवणूक झाली तरच हात घालत असे. पण ज्याला फायदा झाला त्याने, नुकसान लक्षात येण्याजोगे असेल तर, भरून दिले पाहिजे, असे ते म्हणतात.

म्हणून पुन्हा कागद घेऊन बसलो. हंगामातला भाव दीड लाख. जूनमध्ये घेतली, दोन महिने होडी पडून राहणार आणि माझे पैसे अडकणार, त्याचे दहा हजार वजा. ही उतरंड खरोखर ऋतूची होती, कोणाच्या आजारपणाची नव्हती. पावसाळ्यात झाकायच्या ताडपत्रीचे आणि बांबूंचे पाच हजार वजा. राहिले एक लाख पस्तीस हजार. मी दिले पंच्याण्णव. फरक चाळीस हजार. तेरा वर्षांपूर्वीचे चाळीस हजार म्हणजे आजचे चाळीस हजार नव्हेत, हेही मला कळते. तो हिशेब मी केला नाही. केला असता तर पाकीट घरीच राहिले असते.

एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. दार उघडले ते त्यांच्या पत्नीनेच. प्रकृती बरी आहे, चहा त्यांनीच केला. मी अडखळत सर्व सांगितले आणि पाकीट पुढे केले. नाखवा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्या दिवशी तू आला नसतास तर मी पैसे कोठून आणणार होतो? दुसरे कोणी फिरकलेसुद्धा नाही." हे ऐकून मी गोंधळलो. मी त्यांना नाडले होते की अडीअडचणीला धावून गेलो होतो? दोन्ही खरे असेल काय? याचे उत्तर मला अजून नीट देता येत नाही.

मी कागद दाखवला. त्यांनी चष्मा लावून एकेक ओळ वाचली, बोट खाली सरकवत नेले आणि एका ओळीवर थांबले.

"ताडपत्रीचे पाच हजार कसले कापलेस?" ते म्हणाले. "ताडपत्री आणि बांबू मीच दिले होते तुला, होडीबरोबर."

त्यांच्या पत्नी आतून हसल्या. पाच हजार मी पुढच्या रविवारी मिस्सा संपल्यावर नेऊन दिले.