सप्ताह आणि काला

सत्कर्मास दिवस नेमून द्यावा की नाही, हा वाद आपल्याकडे जुना आहे. एक पक्ष म्हणतो, नेमाने घडलेले कर्म पुढे केवळ रिवाज होऊन बसते. दुसरा म्हणतो, नेम नसता तर तेवढेही आपल्या हातून घडले नसते. शाळांतून साजऱ्या झालेल्या शिक्षण सप्ताहाचा विचार करताना हा वाद आम्हांस पुन्हा आठवला.

राष्ट्रीय शिक्षण धोरणास चार वर्षे पूर्ण होत असल्याच्या निमित्ताने २०२४ साली २२ ते २८ जुलै हा सप्ताह देशभर पाळण्यात आला. सोमवारी अध्ययन-साहित्य, मंगळवारी अक्षर-अंकांची ओळख, बुधवारी खेळ, गुरुवारी कलाविष्कार, शुक्रवारी कौशल्ये व संगणक, शनिवारी पर्यावरण व पोषण आणि रविवारी समुदाय सहभाग, असा क्रम होता. पहिल्या सहा दिवसांविषयी वाद घालण्याजोगे फारसे नाही. जे वर्षभर व्हावयाचे, तेच त्या दिवशी जरा हौसेने व्हावे एवढेच. प्रश्न आहे तो सातव्या दिवसाचा. त्या दिवशी गावाने शाळेत यावे आणि कोणी गृहस्थाने मुलांस जेवण घालावे, अशी योजना होती.

अहिल्यानगर जिल्ह्यास, म्हणजे २०२४ पर्यंतच्या अहमदनगरास, सप्ताह हा शब्द शिकवावा लागत नाही. तेथे गावोगाव हरिनाम सप्ताह बसतात. सराला बेटाच्या परंपरेतील गंगागिरी महाराजांच्या सप्ताहास तर पंचक्रोशीतील घराघरांतून भाकरी जातात व आमटीबरोबर पंगतीत वाढल्या जातात. कोणती भाकरी कोणाच्या चुलीवरची, हे खाणाऱ्यास कळत नाही, आणि ते कळावे अशी भाजणारीचीही इच्छा नसते. अखेरीस काला होतो. गोपाळांच्या शिदोऱ्या एकत्र कालवल्या, की देणारा कोण व घेणारा कोण, हा भेदच उरत नाही. देण्याची याहून शुद्ध रीत आम्हांस ठाऊक नाही.

शाळेतील पंगतीस हीच कसोटी लावून पाहावी. मुलास शाळेत रोज मिळणारे अन्न हे कोणाचे दान नव्हे; २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तो त्याचा हक्क आहे, आणि हक्काचे अन्न ताठ मानेने खाता येते. उलट दात्याचे नाव फळ्यावर, गळ्यात हार आणि समोर हात जोडलेली मुले, अशा थाटात जिलेबी वाढली गेली, तर तिच्याबरोबर एक धडाही वाढला जातो: जगात काही देणारे असतात आणि आपण घेणारे आहोत. सात वर्षांच्या मुलास हा धडा देण्याची इतकी घाई कशासाठी? म्हणून कोणी जेवण घालूच नये असे आमचे म्हणणे नाही. घालावे, पण त्याचा काला करावा.

परंतु खरी अडचण याहून खोल आहे. पाथर्डीकडच्या कोरडवाहू भागातील एखादी शाळा वाचकांनी डोळ्यांपुढे आणावी. जुलैत तिचे वर्ग भरलेले असतात. पुढे गाळपाचा हंगाम लागतो, आणि मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी आईबाप बिऱ्हाड पाठीवर घेऊन ऊसतोडीस निघतात. कित्येक मुले त्यांच्याबरोबर जातात. तान्ह्या भावंडास सांभाळावयास दुसरे कोण आहे? जुलैत पंगतीस बसलेला मुलगा पौषात उसाच्या फडाशेजारी कोपीत असतो. वर्गात ज्याची जागा रिकामी झाली, तो समुदायात आहे की नाही?

कोणी म्हणेल, दारिद्र्यापुढे गाव काय करणार? हा आक्षेप खोटा नाही. आईबापांस दोष देण्याचा अधिकार तर आम्हांस मुळीच नाही. मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना शासनाची आहे, आणि ती नीट चालविणे हे शासनाचेच काम होय. तथापि जी घरे सप्ताहास पाट्या भरभरून भाकरी पाठवितात, त्यांना एखाद्या म्हाताऱ्या आजीच्या चुलीस चार महिने हातभार लावणे व तिच्याजवळ नातवंड राहू शकेल असे करणे अशक्य आहे, असे आमच्याने म्हणवत नाही.

शिवाय समुदाय म्हणजे ते गाव एवढेच काय? याच जिल्ह्यात, लोणीजवळ प्रवरानगर येथे, १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी सहकारी साखर कारखाना उभा राहिला. सहकाराचा तो कित्ता पुढे साऱ्या महाराष्ट्राने गिरवला. त्यात ऊस पिकविणारा भागीदार झाला. तोडणारा मात्र मजूरच राहिला. त्या उसाची साखर आपण रोज सकाळी चहात घालतो. तेव्हा आपणही त्या पंगतीत केव्हाच येऊन बसलो आहोत, आणि आपली शिदोरी मात्र अजून कोणी सोडलेली नाही.

नेमलेला दिवस वाईट नव्हे. तो विसराळू मनास जागे करतो, आणि तेवढ्यापुरता त्याचा उपयोग आम्ही मानतो. पण जागे झालेल्याने पुढे काय केले, हे त्या दिवशी कळत नाही. ते कळते थंडीच्या दिवसांत, गुरुजी हजेरी घेत असताना, एका नावास उत्तर येत नाही आणि त्याची चौकशी करावयास गावातून कोणी उठते की नाही, यावरून.