उन्हातल्या माणसाचा सदरा

मत्तयच्या शुभवर्तमानातील विसाव्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा दाखला आपल्या परिचयाचा आहे. त्यावरील प्रवचनाचा भर बहुधा मळ्याच्या धन्याच्या औदार्यावर असतो आणि सकाळपासून राबून शेवटी कुरकुर करणारे मजूर आपल्याला थोडे कोत्या मनाचे वाटतात. पण त्यांच्या तक्रारीत एक शब्द आहे, तो आपण वाचतो आणि पुढे जातो. आपण दिवसभराचे ऊन सोसले, हे ते धन्याला ऐकवतात. धनी त्यांना मजुरीच्या बाबतीत उत्तर देतो. उन्हाची गोष्ट तो खोडून काढत नाही.

एप्रिल-मे महिन्यात ते ऊन सोसणारे पाहायला आपल्याला लांब जायला नको. जांभूळच्या जलशुद्धीकरण केंद्रातून उल्हास नदीचे पाणी औद्योगिक वसाहतींना आणि शहरांना जाते. त्याच्या जलवाहिन्यांसाठी, रस्त्यांसाठी, विजेच्या तारांसाठी आणि अंबरनाथ-बदलापूरच्या इमारतींसाठी माणसे भर दुपारी उघड्यावर असतात. पुष्कळांच्या अंगात ठेकेदाराने दिलेले पॉलिएस्टरचे जॅकेट असते, आत स्वतःचा शर्ट आणि डोक्याला टॉवेल. बायका साडीवर घरातल्या पुरुषाचा जुना, लांब बाह्यांचा शर्ट चढवतात. त्यांच्या मापाचा कामाचा पोशाख असू शकतो, हे कुणाच्या मनातच आलेले नसते.

कामाचे कपडे निवडणे हा खरेदीचा विषय, त्यात नीतीचा प्रश्न कुठून आला, असे कुणी विचारील. प्रश्न असा आहे की, कपडा निवडणारा माणूस तो घालून उन्हात उभा राहत नाही. त्याच्यापुढे दराचा कागद असतो, पाठीवर छापायचे नाव असते आणि फार तर रंग. घालणाऱ्याला विचारायचे त्याला सुचत नाही.

शरीर थंड होते ते घाम वाळल्यामुळे. आपल्या दमट हवेत तो मुळातच सावकाश वाळतो. त्यावर घट्ट विणीचे कृत्रिम कापड आले की ते घाम फारसा शोषत नाही आणि वाराही अडवते. सैल, फिकट रंगाचा, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा आणि मानेवर सावली पाडणारी टोपी, हे आपल्या शेतकऱ्याला कुणी शिकवावे लागले नाही. वायरमन आणि वेल्डर यांच्या बाबतीत तर कापडाची निवड जिवाशी येते, कारण ठिणगी पडली की कृत्रिम धागा वितळून कातडीला चिकटतो. रस्त्यावर काम करणाऱ्याला चमकणारे जॅकेट हवेच, नाहीतर गाडीवाल्याला तो दिसणार नाही. पण ते जाळीचेही मिळते.

हा बाऊ नाही. 16 एप्रिल 2023 रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यासाठी जमलेल्यांपैकी 14 जणांचा उष्माघाताने मृत्यू झाला. त्या दिवशी पारा 38 अंशांच्या आसपास होता आणि ती माणसे कार्यक्रम पाहायला बसलेली होती. तशाच हवेत कुदळ चालवणाऱ्याचे काय होत असेल?

उघड्याला वस्त्र देणे हे दयेचे कृत्य म्हणून आपण लहानपणी शिकलो. पण मजुराच्या सदऱ्याला दयेचे नाव देता येईल का? अनुवाद ग्रंथाच्या चोविसाव्या अध्यायात गरिबाचे गहाण ठेवलेले पांघरूण सूर्यास्तापूर्वी परत करावे, अशी आज्ञा आहे आणि तिच्या लगेच पुढे मजुराची मजुरी त्याच दिवशी देण्याची. दोन्ही आज्ञा हक्काच्या आहेत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 साली प्रापंचिकांच्या प्रेषितकार्यावरील आदेशात बजावले की, न्यायाने जे देणे लागते ते दानधर्म म्हणून देऊ नये. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1981 च्या श्रमविषयक परिपत्रकात, कामाच्या जागेने कामगाराच्या प्रकृतीला अपाय होऊ नये, हा त्याच्या हक्कांमध्ये धरला आहे. तेव्हा सणाला सदरा वाटून फोटो काढणे वेगळे आणि वैशाखात कामाला योग्य कपडा देणे वेगळे.

ठेकेदाराचीही बाजू आहे. दिलेले कपडे हे लोक घालतच नाहीत, असे तो सांगतो आणि बऱ्याचदा ते खरे असते. मात्र जो कपडा दुपारी अंगावर ठेवता येत नाही, तो दिला असे म्हणता येईल का? शिवाय एकच जोड मिळाला तर तो रोज धुणार कसा? चाळीत पाणी तासभर येते, त्यात घामाच्या मिठाने कडक झालेला शर्ट मागे पडतो.

तरुण मुले मात्र उन्हातही जीन्स घालतात. शेजारच्या उल्हासनगरात ती ढिगाने शिवली जाते. जीन्स मुळात मजुराचाच कपडा. इंग्रजीतल्या ‘डंगरी’ या जाड कापडाचे नावही मुंबईच्या डोंगरीवरून पडले असे मानतात. पण एप्रिलात ते जाड कापड घामाने भिजते आणि लवकर वाळत नाही. तरीही त्या मुलांना मी नावे ठेवणार नाही. संध्याकाळच्या लोकलमध्ये आपण चारचौघांसारखे दिसावे, असे त्यांना वाटते. कामाचा चांगला कपडा निवडताना हेही धरले पाहिजे: तो थंड असावा आणि घालणाऱ्याला त्याची लाज वाटू नये.

आखाती देशांत गेलेल्या आपल्या माणसांना विचारा. संयुक्त अरब अमिरातीत 2005 पासून उन्हाळ्यात दुपारी उघड्यावरचे काम बंद ठेवण्याचा नियम आहे. सावली, पाणी आणि विश्रांती यांची जागा कुठलाही सदरा घेऊ शकत नाही.

आणि दर पाडतो कोण? सोसायटीच्या सभेत सर्वांत कमी रकमेच्या दरपत्रकाला हात वर करणारे आपणच असतो. त्यात दोन सुती जोड, टोप्या आणि दुपारच्या सुट्टीचा खर्च धरला आहे का, असे विचारले तर सभा पाच मिनिटे लांबेल आणि रक्कम थोडी वाढेल. पावसाआधी काम उरकायचे म्हणून रंगारी बहुतेक ठिकाणी मे महिन्यातच झुल्यावर चढतात.