फुकट देणाऱ्याचे देणे

एखादी वस्तू फुकट दिली की देणाऱ्याचे काम संपले, असे आपण सहज धरून चालतो. हा समज कितपत खरा आहे?

डी. रिचर्ड हिप हे अमेरिकेतील प्रोग्रॅमर. ते कोणा मोठ्या कंपनीचे नोकर नाहीत. नॉर्थ कॅरोलायनातील शार्लट शहरी त्यांचा स्वतःचा छोटा व्यवसाय आहे. २००० सालच्या सुमारास ते नौदलाच्या एका विनाशिकेसाठी ठेक्याने प्रोग्रॅम लिहीत होते. माहिती साठवणारा सर्व्हर, म्हणजे दुसऱ्याच कोणाचा माल, बंद पडला की पडद्यावर चूक दिसे ती यांच्या प्रोग्रॅमची, आणि बोलणीही यांनाच बसत. (गल्ल्यावर बसणाऱ्याला हे समजावून सांगायला नको.) तेव्हा सर्व्हरच नको असे ठरवून त्यांनी साध्या एका फाइलीत माहिती ठेवणारा डेटाबेस लिहिला. त्याचे नाव एसक्यूलाइट. आज तो प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये व आयफोनमध्ये आहे.

हा माल त्यांनी सर्वांचा करून टाकला. हक्क राखले नाहीत. जेथे कायद्याची सूचना असायची, तेथे एक लहानसा आशीर्वाद लिहिला आहे. पोट भरते ते सल्ल्याच्या व देखभालीच्या मोबदल्यावर. तपासणीचा सर्वांत कडक संच मात्र त्यांनी स्वतःजवळ ठेवला आहे. कोणी म्हणेल, मग दान अर्धेच झाले. मला तसे वाटत नाही. भाकरी वाटणाऱ्याने तवाही द्यावा, हा आग्रह कशासाठी?

आता दुसरी बाजू पाहा. मार्च २०१६ मध्ये एका प्रोग्रॅमरचा नावावरून एका कंपनीशी वाद झाला. त्याने आपण फुकट ठेवलेले सारे तुकडे एनपीएम या सामायिक कोठारातून काढून घेतले. त्यात लेफ्ट-पॅड नावाचा अवघ्या ११ ओळींचा तुकडा होता. शब्दाच्या डावीकडे रिकामी जागा भरायची, एवढेच त्याचे काम. पण असंख्य प्रोग्रॅम त्यावर विसंबून होते. जगभर कामे अडली. कोठाराच्या चालकांनी काही तासांत तो तुकडा परत ठेवला. ज्याने एक पैसाही घेतला नाही, तो आपल्यावर विसंबणाऱ्याचे काही देणे लागतो काय?

कायदा म्हणतो, नाही. अशा बहुतेक परवान्यांत कसलीही हमी नाही असे स्पष्ट लिहिलेले असते. माझ्या मते नुसत्या देण्याने ऋण होत नाही. ‘यावर विसंबा’ असे सांगितले की होते. एसक्यूलाइट २०५० सालापर्यंत सांभाळण्याचा मानस हिप व त्यांच्या सहकाऱ्यांनी जाहीर केला आहे. अकरा ओळी कोठारात ठेवणे हे असे वचन नव्हे. म्हणून त्या रागावलेल्या माणसाला दोष देताना माझी जीभ अडखळते. अकरा ओळी स्वतः लिहिण्याचा कंटाळा करणारे आपण निर्दोष कसे?

हिप यांच्याविषयी आणखी एक. काही ग्राहकांच्या फॉर्मवर आचारसंहिता मागितलेली असे. त्यांनी सहाव्या शतकातील संत बेनेडिक्टच्या मठनियमांतील सत्कर्मांची यादीच तेथे दिली. २०१८ साली त्यावरून गदारोळ झाला. तेव्हा त्यांनी ती यादी स्वतःची नीतिसंहिता म्हणून ठेवली आणि इतरांसाठी मोझिलाचे नियम घेतले. स्वतःला बांधून घेऊन दुसऱ्याला मोकळे ठेवणे, हे मला यादीहून मोठे वाटते.

हे सारे दूरचे वाटेल. पण आपल्याकडेही एखादा तरुण संडेस्कूलच्या हजेरीचा प्रोग्रॅम हौसेने करून देतो आणि वर्षभराने नोकरीसाठी हैदराबादला जातो. पुढे जूनमध्ये प्रोग्रॅम उघडत नाही आणि शिक्षिका त्याच्या आईकडे तक्रार घेऊन जातात. ‘एक वर्ष मी पाहीन, पुढचे सांगता येत नाही,’ एवढे त्याने देतानाच सांगायला हवे होते. आणि पासवर्ड कोणाकडे आहे, हे त्याच दिवशी वहीत लिहून घेणे कोणाचे काम होते?