परक्यासाठी घडवलेली भांडी

पांढऱ्या चिनी मातीवरची निळी नक्षी म्हणजे अस्सल चीन, असे आपण सहज धरून चालतो. पण तिच्या घडणीत परक्या गिऱ्हाइकाचा मोठा वाटा आहे. चौदाव्या शतकात चीनमधल्या जिंगदेझेन या भट्ट्यांच्या गावचे कारागीर इराणकडून आलेला कोबाल्ट वापरून ही नक्षी काढू लागले. पश्चिम आशियात अनेकांनी एका ताटाभोवती बसून जेवायची रीत होती, म्हणून तिथल्या गिऱ्हाइकांसाठी या कारागिरांनी थोरली ताटे घडवली. चीनमधल्या रसिकांना हा माल भडक वाटला. १३८८ साली छाव चाव या जाणकाराने आपल्या ग्रंथात निळ्या-पांढऱ्या भांड्यांना गावंढळ ठरवले. पण पन्नास वर्षांच्या आत, शुआनदे सम्राटाच्या काळात, त्याच भांड्यांवर राजवटीची मोहोर उमटू लागली. परक्यांसाठी केलेली वस्तू दरबाराची शान झाली.

पुढे गिऱ्हाइके बदलत गेली. पोर्तुगिजांसाठी राजा मानुएलचे राजचिन्ह भांड्यांवर आले. चिताऱ्यांना ते इतके अनोळखी होते की काही सुरयांवर ते उलटे रंगवले गेले. १६३५ मध्ये डचांनी तैवानहून चीनला लाकडी नमुने धाडले: मीठदाण्या, मोहरीची भांडी, रुंद काठाची ताटे. आकार युरोपच्या जेवणाच्या टेबलाचे, पण त्यांवर चित्रे मात्र चिनी माणसांचीच. अठराव्या शतकात जिंगदेझेनची कोरी पांढरी भांडी कँटन बंदरात येत आणि तिथले चितारी त्यांवर युरोपीय घराण्यांची मानचिन्हे रंगवत.

आकार गिऱ्हाइकाचा, चिन्ह गिऱ्हाइकाचे. मग कारागिराचे काय उरले? माती आणि भट्टी. केओलिन ही पांढरी माती मिसळलेला लगदा सुमारे १३०० अंश सेल्सिअसवर भाजून पातळ, कणखर भांडे काढायचे कसब युरोपला अठराव्या शतकापर्यंत साधले नव्हते. या कसबावर पकड होती, म्हणूनच जिंगदेझेनला परक्या आवडीची भीती वाटली नाही. १७१० मध्ये जर्मनीत माइसेनचा चिनी मातीचा कारखाना उभा राहिला, मग इतरही झाले, आणि युरोपला आपल्या पसंतीचा माल घरीच मिळू लागला. त्यानंतर चिनी मालाची मक्तेदारी ओसरत गेली.

म्हणून 'निर्यातीचा माल' म्हणून एखादी वस्तू बाजूला सारू नका. तिची माती, भाजणी आणि रेषा पाहा. ती कोणासाठी घडवली यावरून तिची किंमत ठरत नाही. घडवणाऱ्याच्या हाताने ठरते.