अर्जित अंतर आणि बंद दार

सर्वांना एकाच रेषेवरून, एकाच क्षणी सोडणे म्हणजे न्याय, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ही समजूत कितपत टिकते हे पारखण्यासाठी आम्ही वाचकांस क्षणभर हिमप्रदेशात नेऊ इच्छितो. नॉर्वेत उदयास आलेली 'नॉर्डिक कंबाइंड' नावाची एक जोडस्पर्धा तेथे खेळली जाते.

हीत एकाच खेळाडूस दोन भिन्न कसोट्यांस उतरावे लागते. प्रथम पायांस स्की बांधून उंच उतारावरून घसरत येऊन हवेत झेप घ्यावयाची. मग बर्फावरून लांब पल्ल्याची शर्यत धावावयाची. झेपेला धाडस आणि तोल लागतो, धावेला दम आणि सोशिकपणा. झेपेचे अंतर मोजतात. शिवाय पाच परीक्षक तिच्या डौलास गुण देतात व त्यांतील सर्वोच्च आणि नीचतम गुण वगळले जातात.

परंतु झेप मीटरांत आणि धाव मिनिटांत. त्यांची बेरीज करावी कशी? १९२४ साली शामोनी येथील ऑलिम्पिकमध्ये ही स्पर्धा प्रथम झाली, तेव्हापासून दीर्घकाळ धावेच्या वेळेचेही गुण करून बेरीज मांडीत. त्यामुळे अंतिम रेषा प्रथम ओलांडणाराच विजयी, असे प्रेक्षकांस म्हणता येत नसे. पुढे गुंडर गुंडरसन या नॉर्वेजियन खेळाडूच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत आली, आणि १९८८ साली कॅलगरी येथे ती ऑलिम्पिकमध्ये रूढ झाली. तीत झेपेत पहिला आलेला धावेस प्रथम निघतो. इतरांनी जितके गुण कमी मिळविले, तितका वेळ ते मागाहून निघतात. मग जो आधी पोहोचेल तोच विजेता.

२०२२ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये १५ गुणांस एक मिनिट असा दर होता, म्हणजे एका गुणास चार सेकंद. लहान टेकडीवर झेपेच्या एका मीटरास दोन गुण. म्हणून एक मीटर म्हणजे आठ सेकंद. हा दर निसर्गाने ठरविलेला नव्हे, माणसांनी ठरविलेला आहे, आणि तो पूर्वी निराळाही होता. तरीही तो अन्याय्य नव्हे. कारण तो आधी जाहीर असतो आणि सर्वांस सारखाच लागू पडतो.

येथे प्रारंभच विषम आहे, पण ती विषमता ज्याची त्याने कमावलेली आहे. संचित म्हणावे तर हेच; फरक इतकाच, की त्याचा हिशेब सर्वांच्या डोळ्यांसमोर होतो. आणि क्रियमाणास वाव उरतोच. त्याच बीजिंग स्पर्धेत लहान टेकडीवर जर्मनीचा व्हिन्झेन्झ गायगर झेपेत अकरावा आला व ८६ सेकंद उशिरा निघाला. तरी दहा किलोमीटरांच्या अखेरीस सुवर्णपदक त्याचेच झाले. झेपेत पहिला आलेला जपानचा र्‍योता यामामोतो पदकावाचून राहिला.

येथवर आमचे मन समाधानी होते. परंतु आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. स्त्रियांची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा २०२१ साली ओबर्स्टडोर्फ येथे प्रथम झाली. मात्र २०२६ च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये त्यांस स्थान न देण्याचा निर्णय आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने जून २०२२ मध्ये घेतला. हा खेळ मोजक्याच देशांत रुजला आहे, असे कारण देण्यात आले. ते कारण खोटे नाही, हे आम्ही मान्य करतो. परंतु ज्या खेळाला मोठे व्यासपीठच मिळत नाही, तो अनेक देशांत पसरावा कसा? रोपास पाणी न घालता ते वाढत नाही असा ठपका ठेवण्यासारखेच हे आहे.

८६ सेकंद मागे असणाऱ्यास अंतर तोडता येते. ज्याला रेषेवर उभेच राहू दिले नाही, त्याने तोडावे असे अंतरच नसते. आपल्या घरांत आणि संस्थांत 'अमका गुणांनी पुढे गेला' असे आपण सहज म्हणतो. म्हणण्यापूर्वी दोन प्रश्न स्वतःस विचारावेत, अशी आमची विनंती आहे: हे अंतर त्याने स्वतः कमावले काय? आणि ते कमावण्याचे दार इतरांसही उघडे होते काय? पहिल्याचे उत्तर होकारार्थी येऊनही दुसऱ्याचे नकारार्थी आले, तर त्या यशास कौशल्य म्हणावे; न्याय म्हणू नये.