आधी ताट, मग नाव

तंजावराहून पट्टुकोट्टैकडे जाणाऱ्या रस्त्यावर ओरत्तनाडु नावाचे जे गाव लागते, त्याला भोसल्यांच्या अमदानीत मुक्तांबापूर म्हणत असत. सरफोजीराजे दुसरे यांनी आपली प्रियपात्र मुक्तांबा हिच्या स्मरणार्थ एकोणिसाव्या शतकाच्या अगदी आरंभी तेथे जे छत्र, म्हणजे यात्रेकरूंना जेवू घालणारी धर्मशाळा, बांधले, त्यावरून हे नाव पडले. काशीकडून रामेश्वरास निघालेला यात्रेकरू, अंगावर एक पंचा आणि कावडीत गंगोदक घेऊन, महिनोन्‌महिने चालत या टापूत येई, तेव्हा त्याला राजवाड्याचे अगत्य नसे आणि दरबाराचेही नसे; त्याला भाताचे अगत्य असे. हे ओळखून तंजावरच्या राजांनी रामेश्वराच्या वाटेवर राण्यांच्या आणि राजस्त्रियांच्या नावाने छत्रे घातली. नीडामंगलमचे यमुनांबापूर हे त्यांपैकीच. या स्त्रियांची नावे एखाद्या समाधीच्या शिळेवर न राहता मुदपाकखान्यावर राहिली, हे फार चांगले झाले असे मला वाटते.

१७९९ च्या तहाने तंजावरचा मुलूख कंपनी सरकारकडे गेला आणि सरफोजींच्या हाती किल्ला, भोवतालचा थोडा प्रदेश व ठरीव नेमणूक एवढेच उरले. अशा वेळी राज्य गमावलेला राजा काय मागेल याचा अंदाज इतिहासाच्या वाचकाला सहज करता येतो. पण १८०१ साली या राजाने रेसिडेंट बेंजामिन टोरिन याला जे पत्र लिहिले, त्यातील कळकळीची मागणी छत्रे चालू राहावीत ही आहे. ही छत्रे आहेत म्हणून आमच्या राज्याला धर्मराज्य म्हणतात आणि आमच्या सर्व पदव्यांत हीच आम्हांस अधिक मानाची वाटते, असा त्या पत्राचा आशय आहे. मग छत्रांत काय चालते याची जंत्री येते, आणि ती वाचताना आपण एखादा सरकारी कागद वाचत आहो याचा विसर पडतो. ब्राह्मणापासून अस्पृश्य परयापर्यंत कोणीही येवो, जोगी, जंगम, अतीत, बैरागी येवोत, त्यांना शिजलेला भात मिळतो. जे शिजलेले घेत नाहीत त्यांना कोरडा शिधा मिळतो. आजारी पडलेल्याला औषध आणि पथ्य, तान्ह्या मुलांना दूध, छत्रात बाळंत झालेल्या स्त्रीला पुढे तीन महिने राहण्याची मुभा, परक्या प्रवाशांच्या पोरक्या मुलांना पंतोजीच्या हवाली करून तीन वेळचे जेवण आणि दर चार दिवसांनी तेलाचे अभ्यंग. हे चार दिवसांचे तेल मला विशेष वाटते. धर्माच्या गप्पा मारणाऱ्याला ते सुचले नसते, पोराचे डोके मांडीवर घेणाऱ्यालाच ते सुचते. या सर्वांवर कळस म्हणजे, वाढप मध्यरात्रीपर्यंत चाले आणि त्यानंतर घंटा वाजवून, अजून कोणी जेवावयाचे राहिले असेल तर त्याने यावे, असा पुकारा होई.

या घंटेने जो प्रश्न उपस्थित केला आहे तो धर्मशास्त्राचा तर आहेच, पण आपण रात्री सहकुटुंब बाहेर जेवावयास जातो त्याही प्रसंगाचा आहे. परक्याला अन्न देताना प्रथम काय करावे : त्याच्यापुढे ताट ठेवावे, का तो कोण हे विचारावे?

प्राचीन ग्रीकांनी याचे उत्तर असंदिग्ध दिले होते. त्यांच्या समजुतीप्रमाणे परका अतिथी हा देवाधिदेव झ्यूस याच्या संरक्षणाखाली असे, आणि होमरच्या ओडिसी महाकाव्यात ही रीत पदोपदी दिसते. वृद्ध नेस्टर आपल्या दारी आलेल्या तरुणांना पोटभर जेवू घालतो आणि मग विचारतो, तुम्ही कोण. फिएशियनांचा राजा काव्याचा नायक ओडिसियस याला स्नान, भोजन, गायन आणि खेळ यांनी तृप्त करतो, तोपर्यंत त्याचे नावही त्याला ठाऊक नसते. अन्नाआधी नाव विचारणारा त्या काव्यात एकच ठळक यजमान आहे, तो एकाक्ष राक्षस पॉलिफिमस. आणि तो पाहुण्यांना जेवू घालीत नाही, पाहुण्यांनाच खातो. कवीने यावर भाष्य केलेले नाही. त्याची आवश्यकताही नव्हती.

आपल्याकडे हा विचार नव्हता असे म्हणणे अज्ञानाचे ठरेल. पराशरस्मृतीने अतिथीला गोत्र, शाखा, अध्ययन विचारू नये असे स्पष्ट सांगितले आहे, आणि जो ब्राह्मण जेवणासाठी आपले कुलगोत्र सांगत सुटतो त्याची मनूने अत्यंत किळसवाण्या शब्दांत निर्भर्त्सना केली आहे. परंतु तोच मनू लगेच पुढे ब्राह्मणाच्या घरी क्षत्रिय हा अतिथी होत नाही, आणि वैश्य-शूद्र आले तर त्यांना नोकरांबरोबर वाढावे, असेही सांगतो. म्हणजे तोंडाने न विचारताही उत्तर आधीच ठरलेले असते. मुक्तांबेचे छत्र याच कोंडीत उभे आहे. कोणालाही विन्मुख पाठवावयाचे नाही हा निश्चय राजाने केला आणि पाळला, पण कोणाला शिजलेले आणि कोणाला कोरडे, छत्रात कोणी वारलेच तर त्याचा अंत्यविधी कोणत्या जातिधर्माप्रमाणे, हे ठरविण्यासाठी कारकुनाला प्रश्न विचारावाच लागत असणार. चंद्रगुप्ताच्या दरबारी आलेल्या ग्रीक वकील मेगॅस्थिनीसला येथील माणसे एकेकटी जेवतात, सर्वांनी मिळून जेवण्याची ठरलेली वेळ यांना नाही, याचे नवल वाटले होते आणि ते त्याने नापसंतीने नोंदवून ठेवले. दोन हजार वर्षांनी एका मराठी राजाने जेवणाची वेळ सर्वांसाठी घंटेने जाहीर केली, पण एक पंगत मात्र तो बसवू शकला नाही. त्या काळी ती कोणीच बसवू शकला नसता, हे मान्य करूनही उणीव ती उणीवच.

ही उणीव भरून काढली ती धर्माने नव्हे. ती दुकानदाराने भरून काढली, ही गोष्ट आपल्या अभिमानाला रुचो न रुचो. शिजवलेले अन्न विकणे हे स्मृतिकारांनी ब्राह्मणाला आपत्काळीदेखील निषिद्ध मानले होते. आणि मुंबईच्या नाक्यावरचा इराणी तेच अन्न रोज विकत होता. त्याने गल्ल्यावर बसून कोणाची जात विचारली नाही. चहाचे पैसे टेबलावर पडले की गिऱ्हाईक कोण याची चौकशी आपोआप संपे. सगळीकडे असेच झाले असे मात्र नाही. गिरगावातल्या खाणावळींवर जातीच्या पाट्या होत्या, आणि मद्रासच्या तिरुवल्लिकेणीत एका हॉटेलच्या पाटीवरचा ब्राह्मणवाचक शब्द निघावा म्हणून पेरियार रामस्वामींच्या अनुयायांना १९५७ मध्ये निदर्शने करावी लागली. राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात दुकाने आणि उपाहारगृहे यांचा नावानिशी उल्लेख करण्याची पाळी आली ती उगाच नव्हे. तरीही पैशाचा ओघ त्याच दिशेला होता. होमरच्या देशातून उपजीविकेसाठी अमेरिकेत गेलेल्या ग्रीकांनी न्यूयॉर्कसारख्या शहरांत ठिकठिकाणी उपाहारगृहे थाटली. तेथेही तुमचे नाव कोणी विचारीत नाही. फरक एवढाच की झ्यूसच्या पाहुण्याला बिल येत नसे.

आणि बिल हाही एक प्रश्नच आहे. जातीचा प्रश्न मागच्या दाराने गेला आणि ऐपतीचा पुढच्या दाराने आला. मोठ्या शहरातल्या दिमाखदार उपाहारगृहाच्या काचेबाहेर दरपत्रक लावलेले असते, ते वाचून जो परत फिरतो त्याला कोणी हाकलले असे म्हणता येत नाही. तो स्वतःच फिरला. या व्यवस्थेत कोणी दुष्ट नाही, त्यामुळे कोणी लाजतही नाही. छत्रात देणारा घेणाऱ्याला शोधीत असे, हॉटेलात घेणाऱ्याने देणाऱ्याला शोधावयाचे असते, आणि माझ्या मते अन्नदानाचे सारे मर्म या शोधण्यात आहे. फुकट देण्यात ते तितकेसे नाही. फुकटाला घेणाऱ्याच्या मानेवर एक जोखड ठेवण्याची सवय असते. दोन पैसे मोजून जेवणारा मनुष्य ताठ बसून जेवतो आणि आमटी अळणी असेल तर तसे म्हणतो. धर्मार्थ जेवणाऱ्याला तो अधिकार क्वचितच मिळतो.

म्हणून चेन्नईत २०१३ साली एक रुपयाला इडली देणारी अम्मा उणवगम ही सरकारी उपाहारगृहे निघाली, किंवा महाराष्ट्रात २०२० च्या प्रजासत्ताकदिनी दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू झाली, तेव्हा त्यांच्यामागील मतांचे राजकारण लक्षात घेऊनही मला त्या योजनांत धर्माचा एक अवघड पेच सुटल्यासारखा वाटला. किंमत आहे, म्हणून याचना नाही. किंमत नावालाच आहे, म्हणून ऐपतीची परीक्षा नाही. भात, वरण, भाजी आणि पोळी एवढ्या थाळीसाठी हमाल, विद्यार्थी आणि पेन्शन न पुरणारा म्हातारा एका बाकावर बसतात. मुक्तांबेच्या छत्राला जे साधले नाही ते येथे साधते.

साधत नाही ती घंटा. शिवभोजनाची थाळी दुपारच्या नेमक्या तासांत मिळते आणि ठरलेल्या संख्येपुरतीच मिळते. परळच्या रुग्णालयाबाहेर पदपथावर मुक्काम टाकलेल्या परगावच्या नातेवाइकाला भूक लागते ती डॉक्टर भेटून गेल्यावर, आणि पुष्कळदा ती वेळ रात्रीची असते. महानगरपालिकांनी मोठ्या रुग्णालयांजवळ आणि रेल्वे स्थानकांजवळ निदान एकेक केंद्र मध्यरात्रीपर्यंत उघडे ठेवावे, आणि ते बंद करण्यापूर्वी माणूस बाहेर पाठवून, कोणी राहिले आहे काय, एवढे विचारण्याची तरतूद नियमावलीत करावी. राज्य गेलेल्या राजाला हे परवडत होते.